राखेने राखलेले नगर

पुणे शहराच्या कोणत्याही टेकडीवर चढावे, पायाखाली काळाच दगड लागतो. पर्वतीच्या पायऱ्या, जुन्या वाड्यांची जोती, जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराचे लेणे, या साऱ्यांचा दगड एकच. हा कठीण काळा दगड एके काळी वितळलेला, वाहता रस होता, असे सांगितले तर प्रथम कोणाचा विश्वास बसत नाही. परंतु ते खरे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून तप्त शिलारस बाहेर पडला, दूरवर पसरला आणि थिजला. पुनःपुन्हा असे घडले. थरावर थर चढत गेले आणि त्यांतून महाराष्ट्राचे पठार घडले. सह्याद्रीच्या कड्यांवर आजही ते थर पायऱ्यांसारखे दिसतात.

त्या काळी पृथ्वीवर मनुष्य नव्हता. म्हणून दख्खनच्या त्या अग्नीने कोणाचे घर गाडले नाही. पण दूर इटली देशात मनुष्यांनी गजबजलेली नगरे अशाच एका अग्नीने एका दिवसात गिळून टाकली, आणि त्या नगरांपैकी एका घरात हिंदुस्थानातून गेलेली एक लहानशी पुतळीही गाडली गेली. ती दख्खनच्या कारागिराच्या हातची असावी, असे अनेक विद्वानांचे मत आहे. ही कथा त्या नगरांची, आणि त्या पुतळीचीही आहे.

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर नेपल्सचा सुंदर उपसागर आहे. त्याच्या काठी व्हेसुव्हियस नावाचा पर्वत उभा आहे. त्याच्या पायथ्याशी पाँपेई, हर्क्युलेनियम आणि स्टेबिई ही नगरे होती. पाँपेई त्यांत मोठे. तेथे दहाबारा हजार लोकांची वस्ती असावी. रस्ते दगडी फरशांचे होते. पावसाळ्यात रस्त्यावरून पाणी वाहत असे, तेव्हा पाय न भिजता पलीकडे जाता यावे म्हणून मध्ये उंच दगड बसविलेले होते. गाड्यांची चाके त्या दगडांच्या मधून जात. चाकांनी झिजून पडलेल्या खोल चाकोऱ्या अजून तेथे दिसतात. नगरात देवळे होती, बाजारचौक होता, नाट्यगृहे होती, सार्वजनिक स्नानगृहे होती. पाणी शिशाच्या नळांनी कित्येक घरांत खेळविलेले होते. भटारखाने तर तिसांहून अधिक होते. व्हेसुव्हियसच्या उतारावर द्राक्षांचे मळे डुलत. तेथील माती फार कसदार होती, आणि तिला तो कस पूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेनेच दिलेला होता. जो पर्वत पोसत होता, तोच एके दिवशी घात करील, असे कोणाच्या मनात आले नाही. त्याच्या तोंडातून धूर निघाल्याचे जिवंत असलेल्या कोणीही पाहिलेले नव्हते.

पूर्वसूचना मात्र मिळाली होती. इ. स. ६२ मध्ये मोठा भूकंप झाला. पाँपेईतील कित्येक इमारती कोसळल्या. लोकांनी त्या पुन्हा बांधावयास घेतल्या. पुढे सतरा वर्षांनी इ. स. ७९ मध्ये जमीन पुन्हा अधूनमधून हादरू लागली. पण त्या प्रांतात असे हादरे नेहमीचेच होते. त्यामुळे कोणी त्यांची फारशी भीती बाळगली नाही. जी गोष्ट वारंवार घडते तिच्याकडे मनुष्य दुर्लक्ष करू लागतो.

मग तो दिवस उजाडला. जुन्या हस्तलिखितांच्या आधारे तो २४ ऑगस्ट असावा असे पुष्कळ काळ मानले जात होते. परंतु २०१८ मध्ये पाँपेईच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला. त्यावर ऑक्टोबरच्या मध्यावरील तारीख आहे. शिवाय घरांत शरद ऋतूतील फळेही मिळाली आहेत. यावरून तो दिवस ऑक्टोबरातील असावा, असे आता अनेक अभ्यासकांना वाटते.

दुपारच्या सुमारास पर्वताचे शिखर फुटले. वायू, राख आणि दगड यांचा प्रचंड स्तंभ आकाशात चढला. उपसागराच्या पलीकडील मिसेनम या बंदरात सतरा वर्षांचा एक मुलगा आपल्या आईसह मामाकडे राहत होता. त्याचे नाव प्लिनी. तो ढग त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला. प्रथम सरळ खांबासारखा वर गेलेला आणि मग माथ्यावर फांद्या पसरलेल्या पाइन जातीच्या वृक्षासारखा तो दिसत होता, असे त्याने पुढे लिहून ठेवले. त्याचे मामा, ज्येष्ठ प्लिनी, हे रोमन आरमाराचे अधिकारी होते आणि मोठे निसर्गशास्त्रज्ञही होते. हा चमत्कार जवळून पाहावा म्हणून त्यांनी एक हलकी नौका सज्ज करण्यास सांगितले. भाच्याला त्यांनी बरोबर येण्यास विचारले. परंतु मामांनीच त्याला लेखनाचा काही अभ्यास नेमून दिला होता. तो पुरा करण्यासाठी तो घरीच राहिला.

मामा निघणार तोच पर्वताच्या पायथ्याशी अडकलेल्या एका स्त्रीची चिठ्ठी आली. तीत तिने सुटकेची याचना केली होती. ती वाचताच मामांचा बेत बदलला. जे कुतूहल म्हणून निघाले होते, ते संकटात सापडलेल्यांना वाचविण्यासाठी मोठी जहाजे घेऊन निघाले. जहाजांवर राख आणि दगड पडत होते. सुकाणू धरणाऱ्याने परत फिरण्याचा सल्ला दिला, पण त्यांनी तो मानला नाही. ते स्टेबिईला पोहोचले. दुसऱ्या दिवशी डोक्यावर उशा बांधून लोक किनाऱ्याकडे निघाले. त्या किनाऱ्यावरच दाट धुराने ज्येष्ठ प्लिनींचा अंत झाला. भाचा आणि त्याची आई मात्र अंधारातून वाट काढीत वाचली. पुढे पुष्कळ वर्षांनी, इतिहासकार टॅसिटस याने विचारल्यावरून, त्याने दोन पत्रांत ही सारी हकीकत लिहिली. ज्वालामुखीच्या उद्रेकाचे प्रत्यक्ष पाहिलेल्या मनुष्याने केलेले इतके तपशीलवार वर्णन त्यापूर्वीचे उपलब्ध नाही.

येथे एक प्रश्न मनात येतो. दख्खनचा शिलारस पसरत गेला; मग व्हेसुव्हियस असा फुटला का? याचे उत्तर शिलारसाच्या घट्टपणात आहे. दख्खनचा रस पातळ होता. त्यातील वायू सहज निसटून जात, आणि रस काकवीसारखा वाहत राही. व्हेसुव्हियसचा रस चिकट होता. त्यातील वायूंना बाहेर पडण्यास वाट मिळत नव्हती. सोडावॉटरची बाटली हलवून एकदम उघडली की फेसाळलेले पाणी कसे उसळते, ते सर्वांनी पाहिलेले असते. तसेच येथे झाले. वरचा दाब सुटताच रसातील वायू फुगले आणि रसाचा फेस होऊन तो आकाशात उडाला. तो फेस हवेत थिजून त्याचे हलके, सच्छिद्र दगड बनले. हे दगड पाण्यावरही तरंगतात.

वारा आग्नेयेकडे वाहत होता आणि पाँपेई त्याच दिशेला होते. त्यामुळे तासन्‌तास त्या नगरावर दगडांचा आणि राखेचा पाऊस पडत राहिला. भर दिवसा काळोख झाला. दगडांचा ढीग पुरुषभर उंचीच्याही वर गेला आणि त्याच्या भाराने छपरे कोसळू लागली. पुष्कळ लोक याच वेळी नगर सोडून गेले. जे मागे राहिले, त्यांच्यावर पहाटेच्या सुमारास याहून भयंकर संकट आले. आकाशात चढलेला तो स्तंभ आपल्याच भाराने ढासळला, आणि अतितप्त वायू व राख यांचे लोट डोंगरउतारावरून वादळाच्या वेगाने खाली आले. त्यांच्यापुढे धावून सुटणे कोणालाच शक्य नव्हते. पाँपेईत आतापर्यंत अकराशेंहून अधिक मनुष्यांचे अवशेष मिळाले आहेत.

हर्क्युलेनियम पर्वताच्या पश्चिमेला होते. तेथे आरंभी दगड फारसे पडले नाहीत. तेथील लोक समुद्रकिनाऱ्यावर जमले आणि नावा ठेवण्याच्या कमानदार दालनांत आसऱ्याला बसले. समुद्रमार्गे कोणी तरी सोडवावयास येईल, अशी त्यांची आशा असावी. त्या दालनांत आणि समोरच्या वाळूत सुमारे तीनशे सांगाडे सापडले. ही गोष्ट १९८० नंतरच्या उत्खननात उघड झाली. तोपर्यंत हर्क्युलेनियमचे बहुतेक सारे लोक निसटले असावेत, असाच समज होता. त्या नगरावर सुमारे वीस मीटर जाडीचा थर साचला आणि तो दगडासारखा घट्ट झाला.

काळ लोटला. त्या नगरांवर शेते पिकू लागली. पाँपेई नेमके कोठे होते, हेही लोक विसरले. १७३८ मध्ये हर्क्युलेनियम येथे आणि १७४८ मध्ये पाँपेई येथे खोदकाम सुरू झाले. प्रारंभी ते खोदकाम म्हणजे एक प्रकारची लूटच होती. राजवाडा सजविण्यासाठी पुतळे काढावेत, चित्रे भिंतीतून कापून न्यावीत आणि बाकीचे सोडून द्यावे, असा प्रकार चाले. कोणती वस्तू कोठे व कशाशेजारी होती, याची फारशी नोंद कोणी ठेवीत नसे. पुढे जुझेप्पे फियोरेल्ली या विद्वानाकडे ते काम आले आणि पद्धत बदलली. घरे वरून खाली, थरांच्या क्रमाने मोकळी होऊ लागली. प्रत्येक मोहल्ल्याला आणि घराला क्रमांक मिळाले.

१८६३ मध्ये फियोरेल्लीने एक युक्ती योजली. राखेच्या घट्ट थरात ठिकठिकाणी पोकळ्या लागत आणि त्यांत हाडे असत. मनुष्याचे शरीर राखेत गाडले गेले, राख घट्ट झाली, शरीर कालांतराने नाहीसे झाले आणि राखेत त्याच्या आकाराचा साचा तेवढा उरला, हे त्याने ओळखले. त्याने त्या पोकळीत पातळ प्लॅस्टर ओतले आणि ते सुकल्यावर भोवतालची राख दूर केली. तेव्हा अठराशे वर्षांपूर्वीचा मनुष्य, त्याच्या शेवटच्या क्षणी होता तसा, समोर आला. कोणी हातांनी तोंड झाकले होते. अंगणात बांधलेला एक कुत्रा गळपट्ट्यासह पाठीवर पिळवटून पडला होता. त्याला सोडून देण्यास घरातील कोणालाही वेळ मिळाला नव्हता.

एका भटारखान्याची भट्टी उघडली, तेव्हा तीत ८१ पाव निघाले. ते कोळशासारखे काळे झाले होते, पण प्रत्येकावर आठ भाग पाडण्यासाठी केलेल्या खुणा स्पष्ट होत्या. भिंतींवर निवडणुकीची आवाहने रंगविलेली होती. अमक्याला मत द्या, असे शेजारीपाजारी सांगत होते. हर्क्युलेनियमच्या एका वाड्यात ग्रंथांच्या शेकडो गुंडाळ्या मिळाल्या. त्या जळून कोळसा झालेल्या असल्यामुळे उलगडू गेल्यास चुरा होत. २०२३ मध्ये क्ष-किरण आणि संगणक यांच्या साहाय्याने अशी एक गुंडाळी न उलगडता तिच्यातील ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द वाचता आला.

राजेरजवाड्यांचे पराक्रम अन्य ग्रंथांतूनही कळतात. पण भटाऱ्याची भट्टी, मुलांनी भिंतीवर काढलेल्या रेघोट्या, दुकानाच्या कट्ट्यावर पडलेली नाणी यांची कथा कोणी लिहून ठेवीत नाही. ज्या राखेने ते नगर मारले, त्याच राखेने त्याचा तो एक दिवस जपून ठेवला.

१९३८ मध्ये पाँपेईतील एका घरात उत्खनन चालू असता एका लाकडी पेटीच्या अवशेषांत हस्तिदंती पुतळीचे तुकडे मिळाले. ते जुळविल्यावर सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची एक स्त्रीमूर्ती तयार झाली. तिच्या हातांत कोपरापर्यंत बांगड्या आहेत, पायांत जड तोडे आहेत, कमरेला मेखला आहे, आणि दोन्ही बाजूंस दोन लहान दासी उभ्या आहेत. हा वेश रोमन नव्हे. ही मूर्ती हिंदुस्थानातील आहे, हे पाहताक्षणी विद्वानांनी ओळखले. आरंभी तिला लक्ष्मी म्हणत. पुढे ती यक्षी असावी, असे मत पुढे आले. तिच्या मस्तकापासून खाली गेलेले एक भोक आहे. त्यावरून ती एखाद्या आसनाचा किंवा आरशाचा भाग असावी असा तर्क आहे. आज ती नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे.

ती घडली कोठे? याचा धागा महाराष्ट्रात मिळतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे अशाच घडणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत. अंगावरचे दागिने, उभे राहण्याची ढब यांत विलक्षण साम्य आहे. म्हणून पाँपेईची पुतळी सातवाहनांच्या काळातील दख्खनची असावी, असे पुष्कळांना वाटते. तिच्या तळाशी मात्र वायव्य हिंदुस्थानात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे. म्हणून काही विद्वान तिचा संबंध त्या प्रदेशाशी जोडतात. मतभेद असला तरी दख्खन आणि रोम यांच्यामध्ये मोठा व्यापार होता, यात संशय नाही.

त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. तीत पैठण आणि तगर या दोन बाजारपेठा येतात. तगर म्हणजेच आजचे तेर. पैठण भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर त्याच्याही पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तेथून कापड आणि अन्य माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला नेत. पुढे मोसमी वाऱ्यांच्या आधाराने जहाजे अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात जात. मिसर देशातील वाळवंट उंटांवरून आणि नाईल नदी नावेतून पार करून माल अलेक्झांड्रियाला पोहोचे, आणि तेथून इटलीला. इटलीतील पुतेओली हे बंदर तर पाँपेईपासून जवळच होते. हा व्यापार एकेरी नव्हता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची काशाची सुबक मूर्ती सापडली आहे. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्या टेकडीचे पद्धतशीर उत्खनन केले.

दख्खनची जुनी नगरे ज्वालामुखीने गाडली नाहीत. ती हळूहळू गाडली गेली. मातीची भिंत पडली की तीच जमीन सपाट करून नवे घर उभे राही. चुलीची राख, शेण, चुना, फुटकी मडकी यांचा थर चढत जाई. शेकडो वर्षांनी तेथे टेकाड तयार होई. आपल्याकडे शेताला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात, ते या राखमिश्रित मातीच्या रंगावरूनच. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या काठी असेच एक टेकाड होते. डॉ. हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले आणि ते १९८३ पर्यंत चालले. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी वसलेले शेतकऱ्यांचे गाव तेथे उजेडात आले. शंभराहून अधिक घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट, सातू आणि इतर धान्यांचे जळके दाणे हाती आले. लहान मूल दगावले तर त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या भुईखालीच पुरीत असत. आपले मूल घरापासून दूर जाऊ नये, असेच त्या माउलीला वाटत असेल.

पाँपेई म्हणजे एका क्षणाचे चित्र आहे. इनामगाव म्हणजे थराथरांनी लिहिलेला ग्रंथ आहे. चित्र असो वा ग्रंथ, तो वाचता येतो तो वस्तू जागच्या जागी असल्यामुळे. एकच मणी तळाच्या थरात मिळाला तर एक अर्थ सांगतो, वरच्या थरात मिळाला तर दुसरा. जागेवरून उचललेला मणी मुका होतो. आणि येथेच आपल्या पांढरीचे संकट आहे. तिची माती शेताला खत म्हणून उपयोगी पडते, म्हणून ठिकठिकाणी लोक ती गाड्या भरभरून नेत आले. तिच्याबरोबर थरही गेले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा मातीत मिळालेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेरचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले, आणि पाँपेईच्या पुतळीची बहीण शोभावी अशी तेथील हस्तिदंती मूर्ती जगाला कळली. त्यांनी ती जपली नसती, तर हा धागा कायमचा तुटला असता.

पाँपेईचा सुमारे एक तृतीयांश भाग अद्याप राखेखालीच आहे. तो मुद्दामच तसा ठेवलेला आहे. उद्याच्या संशोधकांजवळ आजच्याहून चांगली साधने असतील, तेव्हा त्यांनी तो उघडावा, असा त्यामागे विचार आहे. व्हेसुव्हियसही विझलेला नाही. त्याचा शेवटचा उद्रेक १९४४ मध्ये झाला. त्याच्या भोवती आज लक्षावधी लोक राहतात. परंतु इ. स. ७९ मधील लोकांना जे ठाऊक नव्हते, ते यांना ठाऊक आहे. पर्वतावर १८४१ मध्ये वेधशाळा स्थापन झाली, आणि जमिनीचा लहानसा हादराही आता नोंदला जातो.

महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या कडेला पांढरीची टेकाडे अजून उभी आहेत. पावसाने माती धुपली की त्यांच्या अंगातून खापराचा तुकडा किंवा रंगीत मणी डोकावतो. तो दिसल्यास खणू नये, उचलून नेऊ नये. गुरुजींना किंवा गावच्या वडीलधाऱ्यांना ती जागा दाखवावी. त्या तुकड्याखाली एखादे इनामगाव असेल, किंवा दूरदेशी गेलेल्या त्या पुतळीच्या कारागिराचे घरही असेल.